वर्गखोल्यांना भाडेकरू हवेत, मालक नकोत

जुनी शाळा बंद पडली की तिच्या इमारतीचे काय करायचे, यासाठी भरणाऱ्या सभेत बहुधा दोनच पक्ष असतात. एक म्हणतो, विकून मोकळे व्हा. पडक्या भिंतींवर राखणदार ठेवण्यापेक्षा आलेला पैसा चालू शाळांना लावा. दुसरा म्हणतो, ही वस्तीची ठेव आहे, इथे वाचनालय करा, व्यायामशाळा करा, म्हाताऱ्याकोताऱ्यांना बसायला जागा करा. पहिल्या पक्षाला ती वास्तू कुणी आणि कशी उभारली याच्याशी देणेघेणे नसते, आणि दुसऱ्याला छपराच्या दुरुस्तीचा खर्च कुठून येणार हे विचारलेले रुचत नाही. मला या दोन्ही भूमिका अपुऱ्या वाटतात. रिकाम्या ऐतिहासिक शाळेत उद्योग-व्यवसाय आणलेच पाहिजेत, कारण त्यांच्या भाड्यावाचून ती वास्तू टिकणार नाही; मात्र त्यांनी यायचे ते भाडेकरू म्हणून. मालकी सार्वजनिकच राहिली पाहिजे, आणि लोकांच्या वाट्याच्या खोल्या, त्यांचे तास आणि त्यांची दारे पहिला भाडेकरू सामान घेऊन आत येण्यापूर्वी करारात लिहून झालेली असली पाहिजेत.

प्रश्न एकट्यादुकट्या वास्तूचा राहिलेला नाही. जपानमध्ये २००२ ते २०२० या काळात साडेआठ हजारांच्या आसपास सार्वजनिक शाळा बंद झाल्या, मुख्यतः मुलेच कमी झाली म्हणून. अमेरिकेत शिकागो शहराने २०१३ मध्ये एका निर्णयात सुमारे ५० शाळा बंद केल्या, आणि त्याच वर्षी फिलाडेल्फियाने वीसहून अधिक. शिकागोतल्या त्या इमारतींपैकी कितीतरी दहा वर्षांनंतरही रिकाम्याच होत्या. जपानमध्ये मात्र बंद झालेल्या आणि अजून उभ्या असलेल्या शाळांपैकी सुमारे तीन चतुर्थांश कोणत्या ना कोणत्या वापरात आल्या आहेत. या फरकाची कारणे अनेक असतील. त्यांतल्या एकाकडे मी पुढे येणार आहे.

रिकामेपण इमारतीला वयाच्या आधी म्हातारे करते. शिपाई होता तोवर पन्हळीत अडकलेली पाने कुणीतरी काढत असे. तो गेला की पहिल्या मोठ्या पावसात पन्हळ तुंबते, पाणी बाहेर न पडता भिंतीच्या माथ्यावरून आत उतरते, आणि सहा महिन्यांनी वरच्या मजल्यावरच्या वर्गात, फळ्याच्या उजव्या कोपऱ्याशी, चहा सांडल्यासारखा एक पिवळट डाग दिसू लागतो. पुढच्या वर्षी तिथला गिलावा फुगतो. त्याच्या पुढच्या वर्षी तुळईचे भिंतीत रुतलेले टोक कुजायला लागते, आणि मधल्या काळात कुणीतरी तांब्याचे नळ व विजेच्या तारा ओरबाडून नेलेल्या असतात. ज्या कामाला एक शिडी आणि अर्धा दिवस पुरला असता, त्याचा अंदाज काढायला पाच वर्षांनी अभियंत्यांची समिती बसते. ती समिती मग इमारत धोकादायक असल्याचा अहवाल देते, आणि तो अहवाल हातात आला की पाडण्याच्या बाजूचे लोक म्हणतात, आम्ही तेव्हाच सांगत होतो. निर्णय लांबवणे हाही अशा ठिकाणी एक निर्णय असतो, फक्त त्याखाली कुणाची सही नसते.

मालकी सोडू नये हा आग्रह मी आठवणींच्या उमाळ्यातून धरत नाही. त्यामागे साधा हिशेब आहे. क्योतो शहराचे उदाहरण घेऊ. १८६९ मध्ये, जपानची राष्ट्रीय शिक्षणव्यवस्था जाहीर होण्याच्या तीन वर्षे आधी, या शहरातल्या वस्त्यांनी मिळून ६४ प्राथमिक शाळा सुरू केल्या. सम्राटाचा दरबार तोक्योला गेल्याने शहर खचले होते आणि पैशाची ओढ होती. तेव्हा घरात शाळेच्या वयाचे मूल असो वा नसो, जिथे चूल पेटते त्या प्रत्येक घराने वर्गणी द्यायची असे ठरले, आणि त्या वर्गणीला नावही ‘चुलीचा पैसा’ अशाच अर्थाचे पडले. या शाळांत मुले शिकत, शिवाय तिथेच वस्तीची सभा भरे, पोलिसांची चौकी असे आणि आगीवर नजर ठेवणारा मनोराही असे. आज आपण ज्याला समाजकेंद्र म्हणतो आणि जुन्या शाळेला लावायचे नवे ठिगळ समजतो, तो तिचा मूळचाच उद्योग होता. अशी इमारत विकली की पिढ्यान्‌पिढ्यांची ती गुंतवणूक एका वर्षाच्या जमाखर्चात एकरकमी जमा होते आणि त्याच वर्षीच्या तुटीत विरघळून जाते. ज्या संस्थेच्या नावावर ती जागा आहे ती त्या चुलींची विश्वस्त आहे, आणि विश्वस्ताने ठेव मोडताना ठेवीदारापेक्षा अधिक विचार करायचा असतो.

आता इमारतीकडे पाहू, कारण पुढे तिथे काय चालेल आणि काय चालणार नाही हे बरेचसे तीच ठरवते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्याच्या पूर्वार्धात बांधलेल्या शाळा देशोदेशी एकमेकींसारख्या आहेत: मधोमध रुंद मार्गिका, दोन्ही अंगांना सारख्या मापाच्या उंच वर्गखोल्या, टोकांना जिने, आणि एक मोठे सभागृह. खिडक्या इतक्या मोठ्या असतात की भर दुपारी दिवा लावावा लागत नाही, आणि त्या बहुतेक एकाच भिंतीत असतात. उजव्या हाताने लिहिणाऱ्या मुलाच्या पाटीवर त्याच्याच हाताची सावली पडू नये म्हणून प्रकाश डावीकडून यावा, असा त्या काळचा दंडक होता. ज्यांना हाताने बारीक काम करायचे असते त्यांना, म्हणजे शिंप्याला, घड्याळजीला, नकाशे काढणाऱ्याला, पुस्तकबांधणी करणाऱ्याला, असा प्रकाश कुठल्याही नव्या व्यापारी संकुलात पैसे मोजूनही मिळत नाही. जाड भिंतींमुळे एका खोलीतला आवाज दुसरीत फारसा जात नाही. प्रत्येक खोलीला स्वतःचे दार आहे, तेही थेट मार्गिकेवर उघडणारे. थोडक्यात, पाच-सात माणसांच्या छोट्या उद्योगाला हवी तेवढी जागा इथे शंभर वर्षांपूर्वीच आखून ठेवलेली आहे, आणि म्हणूनच एका बड्या कंपनीला सगळी इमारत देण्यापेक्षा ती पंचवीस लहानांना देणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. बड्याला भिंती पाडाव्या लागतात, लहानांना त्या आहेत तशाच हव्या असतात.

हीच इमारत काही गोष्टींना स्वच्छ नकारही देते, आणि तो नकार सभेतल्या उत्साहात कुणाच्या कानावर जात नाही. अमेरिकेतल्या प्रचलित मानकांत वर्गखोलीच्या जमिनीसाठी दर चौरस फुटाला ४० पौंड चल भार, म्हणजे माणसे आणि सामान यांचे वजन, धरतात, कचेरीसाठी ५०, हलक्या कारखान्यासाठी १२५ आणि ग्रंथालयातल्या पुस्तकांच्या मांडण्यांसाठी १५०. म्हणजे सगळ्यांच्या मनात असलेले ‘वरच्या मजल्यावरचे शांत वाचनालय’ हीच त्या इमारतीला सर्वांत जड जाणारी कल्पना आहे. मुले हलकी असतात, पुस्तके नसतात. छापखान्याची किंवा लाकूडकामाची यंत्रे असोत की ग्रंथसंग्रह, त्यांनी तळमजल्यावरच राहावे आणि वर कचेऱ्या, शिलाई, शिकवण्या यांनी. थंड प्रदेशातल्या जुन्या शाळांत एकाच बाष्पकातून (बॉयलरमधून) साऱ्या इमारतीला ऊब पुरवलेली असते, त्यामुळे रविवारी एका खोलीत दहा जणांची बैठक असली तरी चाळीस खोल्या तापवाव्या लागतात. नळांवरच्या आवरणात अ‍ॅस्बेस्टॉस आणि रंगात शिसे निघू शकते. विजेचे मीटर एकच असते. स्वच्छतागृहे मोजकी, तीही मजल्याच्या एका टोकाला. शिवाय इमारतीचा वापर बदलला, की अनेक ठिकाणी तिला आजचे अग्निसुरक्षेचे आणि अपंगांच्या वावराचे नियम लागू होतात. मग उद्वाहक (लिफ्ट), पायऱ्यांऐवजी उतार, धूर अडवणारी दारे, सगळे आले. या साऱ्याचा खर्च पहिली खुर्ची आत येण्यापूर्वी करावा लागतो.

आणि इथेच निव्वळ समाजकेंद्राचे घोडे पेंड खाते. लग्नाला, वाढदिवसाला, नाटकाच्या तालमीला सभागृह भाड्याने देऊन वर्षाची झाडलोट आणि वीजबिल कदाचित निघेल; छप्पर निघत नाही. दात कोरून पोट भरत नाही, तसेच हे. पहिली चार वर्षे स्वयंसेवकांच्या जोरावर उत्तम जातात, पाचव्या वर्षी उत्साही चिटणीस दुसऱ्या शहरात राहायला जातो, सहाव्या वर्षी छप्पर गळते, आणि मग देणग्यांचे आवाहन निघते. समाजाला कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. सामूहिक उत्साहाला भरती-ओहोटी असते, गळतीला नसते, एवढेच मला म्हणायचे आहे.

समजा शाळेत चोवीस वर्गखोल्या आहेत. त्यांतल्या सोळा बाजारभावाने छोट्या व्यावसायिकांना दिल्या, तर त्यांच्या भाड्यातून त्यांची स्वतःची देखभाल भागून उरलेल्या रकमेवर आठ खोल्या आणि सभागृह लोकांसाठी नाममात्र दराने चालवता येते, शिवाय दुरुस्तीसाठी दरवर्षी काही बाजूला टाकता येते. प्रमाण जागेनुसार बदलेल. ज्या शहरात भाडी चढी आहेत तिथे लोकांचा वाटा वाढवावा, जिथे मागणीच नाही तिथे अपेक्षा आवराव्यात. पण सोळा खोल्या कमावतात म्हणून आठ खोल्या चालतात, ही गोष्ट उघडपणे मान्य केली की व्यापार आणि समाज यांच्यातली ती जुनी सोवळ्या-ओवळ्याची भाषा गळून पडते. अमेरिकेत तर कायद्यानेच ही सांगड घातलेली आहे: नोंदणीकृत ऐतिहासिक इमारतीच्या पुनर्वसनाच्या पात्र खर्चावर केंद्र सरकार २० टक्के करसवलत देते, पण फक्त उत्पन्न मिळवणाऱ्या इमारतीला. निव्वळ धर्मादाय वापर असेल तर ती मिळत नाही. शिवाय ती सवलत घ्यायची तर वास्तूचे लक्षणीय भाग राखावे लागतात. शाळेच्या बाबतीत मुख्य मार्गिका आणि सभागृह हे तसे भाग मानले जातात, आणि सभागृहाचे तुकडे पाडून त्यात कचेऱ्या काढणे सहसा संमत होत नाही. भाडे न देणारी ती लांबरुंद मार्गिका विकसकाच्या डोळ्यांत सलते खरी, पण सोळा भाडेकरू आणि शेजारपाजारचे लोक एकमेकांना भेटणार असतील तर ते तिथेच भेटतील, खोल्यांत नाही.

विक्रीच्या बाजूने सर्वांत बळकट पुरावा मला फिलाडेल्फियात दिसतो, आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. तिथली बोक तंत्रशाळा १९३० च्या दशकातल्या मंदीत सार्वजनिक बांधकामाच्या केंद्रीय योजनेतून बांधली गेली. आठ मजले, सुमारे ३ लाख ४० हजार चौरस फूट. गवंडीकाम, नळकाम, केशरचना, स्वयंपाक, मोटारदुरुस्ती असे व्यवसाय तिथे शिकवले जात. २०१३ मध्ये ती बंद झाली आणि पुढे साधारण साडेसतरा लाख डॉलरना एका खाजगी कंपनीला विकली गेली. आज तिथे कारागीर, शिंपी, दागिने घडवणारे, पाव भाजणारे, छोट्या संस्था अशा भाडेकरूंची भरगच्च वस्ती आहे. ज्या कार्यशाळांत मुले कामे शिकत तिथे आता मोठी माणसे तीच कामे करून पोट भरतात. कंपनीने तुकडे पाडून सदनिका विकल्या नाहीत, खोल्यांचा मूळ स्वभाव ओळखला, याचे श्रेय तिला दिलेच पाहिजे. पण दोन गोष्टी नोंदवायला हव्यात. हिशेब केला तर विक्रीचा दर चौरस फुटाला पाच डॉलरच्या आसपास पडतो. दर इतका कमी असतो कारण खरेदीदार दुरुस्तीचे ओझेही विकत घेतो, हे मान्य. पण म्हणजेच विकणाऱ्याच्या हाती फारसे काही लागत नाही, आणि जागा मात्र कायमची जाते. दुसरे असे की २०१५ च्या उन्हाळ्यात त्या इमारतीच्या गच्चीवर फ्रेंच धाटणीचे एक हंगामी उपाहारगृह सुरू झाले तेव्हा तिथे शिकलेल्या-शिकवलेल्या काहींना ते झोंबले. ज्या गच्चीवर त्यांना जायला मिळत नव्हते तिथे आता पेले किणकिणत होते. त्या रागात न्याय किती आणि दुःख किती, हे मी ठरवू शकत नाही. एवढे मात्र दिसते की राग व्यक्त करण्यापलीकडे त्यांच्या हाती काही उरले नव्हते. आजचा मालक समजूतदार आहे. उद्याचा कोण असेल हे विचारण्याचा हक्क विक्रीच्या दस्तासोबतच संपला.

याच्या तुलनेत क्योतोतली रिस्सेइ शाळा पाहावी. १९२८ सालची ही इमारत, आणि तिच्या जागेचे महत्त्व त्याहूनही जुने, कारण जपानमधला सिनेमाचा पहिला प्रायोगिक खेळ १८९७ मध्ये तिथेच झाला असे मानतात. १९९३ मध्ये शाळा बंद झाली. शहराने जागा विकली नाही, दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिली. २०२० पासून तिथे जुनी इमारत राखून, तिला नवे अंग जोडून, हॉटेल चालते, आणि त्याच आवारात छोटे वाचनालय, सभागृह आणि वस्तीच्या रहिवासी मंडळाची जागाही आहे. जुन्या मैदानाचे हिरवे पटांगण झाले आहे. हॉटेल हा माझ्या आवडीचा भाडेकरू नाही. त्याला शेजाऱ्यांशी फारसे कर्तव्य नसते आणि त्याचे पाहुणे तिसऱ्या दिवशी निघून जातात. तरीही रहिवासी मंडळाची खोली तिथे आहे ती कुणाच्या कृपेने नव्हे, मालकी शहराकडे राहिली म्हणून. त्याच शहरातल्या तात्सुइके शाळेत २००६ मध्ये मांगा चित्रकथांचे संग्रहालय झाले, महापालिका आणि एक विद्यापीठ यांच्या भागीदारीतून. तिथे आज लोक जुन्या मैदानातल्या हिरवळीवर पालथे पडून चित्रकथा वाचतात, आणि वस्तीच्या शाळेचा इतिहास सांगणारी एक खोली आत राखलेली आहे. चूल पेटवणाऱ्यांच्या नातवंडा-पतवंडांनी आपली ठेव मोडली नाही, तिच्या व्याजावर भागवले.

भाडेपट्ट्याची मुदत हा मात्र नाजूक भाग आहे. तोक्योच्या चियोदा विभागातली एक माध्यमिक शाळा २००५ मध्ये बंद झाली आणि २०१० मध्ये कलावंतांच्या पुढाकाराने तिथे कलाकेंद्र उघडले. वर्गांत दालने, कचेऱ्या, कार्यशाळा, आणि समोरच्या सार्वजनिक बागेतून रुंद पायऱ्यांनी थेट आत. नाव झाले, गर्दी झाली, पण करार मोजक्या वर्षांचा होता आणि इमारतीला मोठी दुरुस्ती हवी होती. २०२३ मध्ये ते केंद्र बंद झाले. मुदत तोकडी असली की कोणताही भाडेकरू भिंतीत पैसा घालत नाही आणि बँकही उभे करत नाही. उलट नव्व्याण्णव वर्षांचा पट्टा ही सोवळे नेसलेली विक्रीच असते. मला तीस ते चाळीस वर्षे योग्य वाटतात, म्हणजे कर्ज फिटेल आणि छप्पर एकदा पूर्ण बदलावे लागेल इतकी. आणि पट्टा एकेका व्यावसायिकाला न देता सगळी इमारत चालवणाऱ्या एका स्वतंत्र संस्थेला द्यावा, तिने पुढे खोल्या तीन-तीन, पाच-पाच वर्षांनी द्याव्यात. डेट्रॉइटमध्ये १९२७ च्या सुमाराची डर्फी शाळा एका ना-नफा संस्थेला वर्षाला एक डॉलर अशा नाममात्र भाड्याने देण्यात आली आणि तिने तिथे सामाजिक संस्था, छोटे व्यवसाय, व्यायामशाळा, सभागृह एका छपराखाली आणले. सुरुवातीला वस्तीतून विरोध झाला, हे विशेष. फुकट दिलेली इमारतही लोकांना विचारल्याशिवाय दिली तर ती त्यांना हिरावून घेतल्यासारखीच वाटते.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा की सार्वजनिक मालक हा वाईट मालक असतो: ज्या खात्याने पन्हळीतली पाने काढली नाहीत, त्याच खात्याच्या हाती मालकी ठेवून तुम्ही काय साधणार? आक्षेप रास्त आहे आणि त्याला ‘लोकशाही’ असे मोघम उत्तर देऊन चालणार नाही. उत्तर कराराच्या कलमांतच शोधावे लागेल. मालकाने चालवू नये, फक्त तपासावे. भाड्यातला ठरावीक हिस्सा वेगळ्या खात्यात जावा आणि तो त्या इमारतीच्या दुरुस्तीखेरीज कशालाही, अगदी दुसऱ्या शाळेच्या दुरुस्तीलाही, वापरता येऊ नये. तपासणीचा नमुना हवा असेल तर चर्च ऑफ इंग्लंडचा घ्यावा: १९५५ च्या नियमाने सुरू झालेल्या पद्धतीनुसार तिथल्या प्रत्येक चर्चची वास्तुतज्ज्ञाकडून दर पाच वर्षांनी पाहणी होते आणि लेखी अहवाल तयार होतो. त्या देशातली शेकडो वर्षांची लहान-मोठी चर्च बऱ्यापैकी सुस्थितीत दिसतात, त्यात या रटाळ अहवालांचा वाटा मोठा असावा असे मला वाटते. रिकाम्या शाळेसाठी असा अहवाल सार्वजनिक असला आणि त्यातली कामे वर्षभरात न झाल्यास पट्टा रद्द करता आला, तर मालकाचे आळशीपण पुष्कळसे निष्प्रभ होते.

लोकांचा वाटा म्हणजे नेमका कुणाचा, हेही एकदा बोलून टाकायला हवे. अशा प्रकल्पांत सर्वांत मोठा आवाज माजी विद्यार्थ्यांचा असतो. त्यांना एक स्मृतिदालन हवे असते, गुणवंतांचे फलक पूर्वीच्या जागी हवे असतात, आणि वर्षातून एक मेळावा. हे सगळे द्यावे. एका खोलीत ते मावते. पण आज त्या शाळेभोवती जी कुटुंबे राहतात त्यांतली बरीच तिथे शिकलेली नसतात, काही दुसऱ्या मुलखातून आलेली असतात, आणि त्यांना हवे असते ते अगदी वेगळे: संध्याकाळी मुलांना अभ्यासाला बसवायची जागा, भाषा शिकवणारा वर्ग, शिलाईचे यंत्र ठेवून चार बायकांना काम करता येईल अशी खोली, अर्ज भरून देणारा माणूस. आठवण असणाऱ्यांपेक्षा गरज असणाऱ्यांचे मत जड धरावे, असे मला ठामपणे वाटते. आठवणी असलेले लोक पत्रे चांगली लिहितात, म्हणून त्यांचे ऐकले जाते.

वेळेचाही प्रश्न आहे. इंग्लंडमध्ये २०११ च्या कायद्याने लोकोपयोगी जागांची नोंद करता येऊ लागली आणि अशी नोंदलेली जागा विक्रीला निघाली तर स्थानिक गटाला पैसे उभे करण्यासाठी सहा महिन्यांची सवड ठेवली गेली. त्यानंतर मालकाला हव्या त्याला विकण्याची मुभा होती. सहा महिन्यांत दुरुस्तीचा अंदाज, भाडेकरूंची यादी आणि कर्ज, तिन्ही जुळवणारा गट मिळणे दुर्मीळच. म्हणून हालचाल शाळा चालू असतानाच सुरू व्हायला हवी. जपानच्या शिक्षण खात्याने २०१० मध्ये बंद शाळा आणि त्यांना शोधणारे वापरकर्ते यांची गाठ घालून देणारा उपक्रम सुरू केला. कोणत्या इमारती उपलब्ध आहेत याची यादीच ते प्रसिद्ध करते. सरकारी अनुदानातून बांधलेली शाळा दुसऱ्या कामी लावली तर अनुदान परत करण्याची जी अट होती, तीही बरीच सैल केली गेली. वर ज्या फरकाचा उल्लेख केला त्याचे एक कारण हे असावे. शेवटची तुकडी बाहेर पडते त्या दिवशी पुढच्या वापराचा आराखडा तयार नसला, तरी निदान तळमजल्यावरच्या चार खोल्या तात्पुरत्या वापराला द्याव्यात: एखाद्या चित्रकाराला, सायकल दुरुस्त करणाऱ्याला, गाण्याच्या वर्गाला. भाडे नगण्य आले तरी हरकत नाही. आत माणूस असला की दिवा लागतो आणि पन्हळ तुंबल्याचे त्याच आठवड्यात कळते.

एकदा सगळे जुळून आले की भांडणे मुख्यतः एका गोष्टीवरून होतात, आणि ती म्हणजे चावी. दिवसभर भाडेकरूंचे राज्य असते. सहा वाजता कचेऱ्या बंद होतात आणि नेमकी त्याच वेळी वस्ती मोकळी होते. मुख्य दार उघडे ठेवायचे तर भाडेकरूंच्या संगणकांची जबाबदारी कुणाची? बंद ठेवायचे तर नाटकाच्या तालमीला आलेल्यांनी कुणाला फोन करायचा? विमा कुणाच्या नावावर, स्वच्छतागृह कोण धुणार, शनिवारी ढोल वाजला तर वरच्या मजल्यावरच्या हिशेबनिसाने तक्रार कुणाकडे करायची? हे प्रश्न क्षुल्लक दिसतात, पण लोकांचा वाटा हळूहळू आटतो तो इथेच: आधी रविवार जातो, मग रात्री नऊला बंद होणारे दार सातलाच बंद होऊ लागते, मग सभागृहासाठी पंधरा दिवस आधी अर्ज लागतो, आणि कुणी काहीही हिरावून न घेता ती इमारत कचेऱ्यांची होऊन बसते. म्हणून लोकांच्या खोल्या तळमजल्यावर आणि सभागृहाला लागून असाव्यात, त्यांना रस्त्यावर उघडणारे स्वतःचे दार असावे, स्वतःची स्वच्छतागृहे असावीत, आणि त्या दाराची चावी इमारत चालवणाऱ्या संस्थेखेरीज वस्तीच्या मंडळाकडेही असावी. बहुतेक जुन्या शाळांना असे बाजूचे दार मुळातच असते. मुलींचे वेगळे, लहान मुलांचे वेगळे, अशी दारे त्या काळी काढत. कित्येक ठिकाणी ती विटांनी बुजवलेली आहेत.

त्या दारातून आत गेले की लहान मुलांच्या स्वच्छतागृहात हात धुण्याची भांडी मोठ्या माणसाच्या गुडघ्यापाशी बसवलेली दिसतात. नूतनीकरणाच्या आराखड्यात ती सगळी काढून नेहमीच्या उंचीवर नवी बसवायची असे लिहिलेले असते, आणि मोठ्यांसाठी ती हवीतही. एक रांग मात्र आहे तिथेच ठेवावी. संध्याकाळच्या भाषावर्गाला आणि शिलाईच्या खोलीत येणाऱ्या बायका पोरांना घरी ठेवून येणार नाहीत.